दुरुस्तीचा पत्रा

आमच्या घराच्या मागच्या खोलीत शिंकायला बंदी आहे. शिंक आलीच तर आधी बाहेर या, मग शिंका, आणि शिंकून झाल्या झाल्या परत आत शिरू नका. पंखा लावायचा नाही. लोकरीचं काही अंगावर असेल तर दारातच काढून ठेवायचं. लहानपणी मी एकदा तिथे उशी आपटली होती, तेव्हापासून मला प्रवेश नाही. पुढे मला मिशा आल्या, नोकरी लागली, तरी बंदी काही उठली नाही. पाहुण्यांना वाटतं, आत कोणीतरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल. आत प्लास्टिकचं विमान असतं.

हे सगळे नियम पत्रेकाकांचे. पत्रे हे त्यांचं आडनाव नव्हे, धंदा. माझ्या धाकट्या मावशीचे हे यजमान. उभा जन्म पत्र्यात काढलेला: छपरं, पन्हळी, कारखान्यात थंड हवा खेळवणारे ते जाडजूड चौकोनी नळ. गावातल्या निम्म्या छपरांवरून त्यांचा हात फिरलेला आहे आणि उरलेल्या निम्म्यांकडे ते रस्त्याने जाताना अशा नजरेने बघतात, की घरमालक निमूट आत जाऊन गळतीखाली बादली ठेवतो.

माझे बाबा त्यांचे साडू. साडू हे नातं तसं अंगावर आलेलंच. दोन बहिणींनी दोन अनोळखी पुरुष एका बाकावर आणून बसवायचे आणि म्हणायचं, बोला. आमच्याकडच्या बाकावर पहिली काही वर्षं दोघं हवापाण्याचं बोलले. मग एकदा काकांना कळलं, की आपला साडू दुपारच्या सुट्टीत प्लास्टिकची विमानं जोडतो. बाबा औषधांच्या दुकानात काउंटरमागे असतात. डॉक्टरांचं अक्षर वाचून वाचून त्यांच्यात असा काही सोशिकपणा आलाय की नखाएवढा भाग सांध्यात बसेपर्यंत ते चहा गार होऊ देतात. काकांनी जोडलेलं विमान हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "रंग लावणार?"

"मग काय करणार?"

"पत्रा चढवू."

झालं. तेव्हापासून रविवार दुपार या दोघांची. विमान आमच्याकडे, कारण मावशीच्या घरासमोर लाकडाची वखार आहे आणि तिथला भुसा खिडकी बंद केली तरी फटीतून चौकशीला येतो.

पत्रा म्हणजे चिकट फॉइल. फॉइल म्हटलं की लोकांना डब्यात पोळी गुंडाळायचा कागद आठवतो. काकांसमोर तसं म्हणू नका. हे त्याहून कितीतरी पातळ, पाठीला डिंक लावलेलं, डिंकामागे एक गुळगुळीत कागद. हव्या त्या मापाहून किंचित मोठा तुकडा नव्या पात्याने कापायचा, चिमट्याने कागदावरून सोडवायचा, श्वास रोखून प्लास्टिकवर ठेवायचा आणि कापसाच्या काडीने मधून कडेकडे चोळत न्यायचा. मग लाकडी टोकाने खाचेत दाबायचा आणि खाचेच्या कडेने पातं असं फिरवायचं की पात्याला स्वतःचंच काय ते वजन. खाली धुळीचा कण राहिला, तर आधी जो कण होता तो फॉइलखाली टेकडी होतो. सुरकुती पडली आणि चोळून गेली नाही, तर तुकडा काढायचा, स्पिरिटने डिंक पुसायचा, नवा तुकडा. फॉइललाही लाकडासारख्या रेषा असतात. तुकडा आडवा लावला तर एक चमक, उभा लावला तर दुसरी. असे शेजारी शेजारी तुकडे फिरवून लावले की बोटभर प्लास्टिकवर खरोखरीचे पत्रे ठोकल्यासारखे दिसतात. एवढं मला कसं कळतं? मी दारातून बघतो. दारातून बघायला बंदी नाही.

काकांचा आणखी एक नियम होता, तो मात्र त्यांचा एकट्याचा. ते शेपटीकडून सुरू करत आणि नाकाकडे येत. प्रत्येक पुढचा तुकडा मागच्यावर केसभर चढवायचा. "छपराला पाणी वरून येतं, म्हणून वरचा पत्रा खालच्यावर चढतो. विमानाला वारा समोरून येतो, म्हणून पुढचा मागच्यावर. उलटं केलं तर वारा आत घुसून पत्रा उचकटेल."

"हे उडणार आहे का?" आईने एकदा विचारलं.

"ताई, उडणार नाही म्हणून चुकीचं लावू?"

आई म्हणाली, "चहा घ्या."

तर हे शेवटचं विमान. जुन्या काळातलं, दोन इंजिनांचं, प्रवासी विमान. काकांनी ते निवडलं कारण खऱ्या विमानाला रंगच नव्हता. नुसता उघडा पत्रा आकाशात जायचा. "पत्रेवाल्यांची इज्जत उडायची ती," असं ते म्हणत. मॉडेलवाल्यांचं एक मंडळ आहे. त्यात एक दंतवैद्य, एक चित्रकलेचे मास्तर आणि असेच काही घरात नकोसे झालेले पुरुष आहेत. त्यांचं प्रदर्शन वाचनालयाच्या दालनात भरतं, तिथे हे मांडायचं ठरलं.

त्याच सुमाराला मावशीच्या घरी कपबश्या वाजायला लागल्या.

काकांचा उजवा हात बशी धरली की किंचित थरथरायचा. किंचितच. मावशीला मात्र कानाने दिसतं. "अहो, डॉक्टरांना दाखवून या." काका म्हणत, कप हलका झालाय. मग म्हणत, बशी वाकडी आहे. बशी बदलून झाली. मावशी ऐकेना तेव्हा त्यांनी तिला एका रविवारी आमच्याकडे आणलं, मागच्या खोलीत नेलं आणि आदल्या आठवड्यात लावलेला तुकडा दाखवला.

"बघ. थरथरत्या हाताने असा पत्रा बसतो?"

मावशीने पाहिलं. तुकडा आरशासारखा बसला होता. मग बाहेर आली. आईला म्हणाली, "बसलाय खरा."

त्याच दुपारी, जाता जाता दारात चपला घालताना काका बाबांना म्हणाले, "साडू, एक काम तुझ्याकडे. माझा हात गेला तर मला सांगायचं. हिचं मी धरत नाही, ही आत्तापासूनच सांगते. ताई सांगणार नाहीत, त्या चहा देतील. तू माझं काम जवळून बघतोस. ज्या दिवशी पत्रा बिघडला, त्या दिवशी तोंडावर सांगायचं. मग मी जाईन डॉक्टरकडे, तू म्हणशील त्या."

"सांगीन," बाबा म्हणाले.

"भीड नको."

"सांगीन म्हटलं ना."

हे मी ऐकलं, कारण चपला माझ्या खोलीच्या दाराशी असतात.

पुढे वर्षभर फॉइल चढत गेलं आणि काकांची तब्येत, त्यांच्या मते, ठणठणीत राहिली. बशी वाजायची, सही नागमोडी व्हायची, शर्टाचं वरचं बटण मावशी लावून द्यायची; पण दर रविवारी आदल्या रविवारचे तुकडे बिनसुरकुतीचे दिसायचे. काकांना स्वतःलाही एक गोष्ट खटकत असणार. लावताना एखादा तुकडा चुरगळल्यासारखा वाटायचा, आणि पुढच्या आठवड्यात पाहावं तर तो सपाट. माणसाला न कळणारी चांगली गोष्ट दिसली की तो तिला कारण शोधतो. काकांनी शोधलं.

"फॉइल निजतं," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी बुजलेलं असतं. नव्या जागी कोणाला लगेच झोप लागते? आठवडाभर हात लावू नये. डिंक मुरला की सुरकुती आपली आपण निजते."

"असेल," बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. खिडकीबाहेर आमच्या शेजाऱ्यांची भिंत आहे. तिच्यात बघण्यासारखं काही नाही.

हा सिद्धांत काकांनी मंडळात मांडला. उभं राहून, बोट वर करून. आयुष्यभर छपरावर बसून काम केलेल्या माणसाला लोकांसमोर उभं राहायला मिळालं, तर तो पटकन खाली बसत नाही. दंतवैद्यांनी ते मनावर घेतलं. त्यांच्या एका लढाऊ विमानाचं नाक सुरकुतलेलं होतं. मास्तरही म्हणाले, करून बघू. काका घरी आले ते बटण न लावता, छाती काढून.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. वाचनालयाच्या दालनात लांब टेबलं, वर पांढरं कापड, एका बाजूला उंच खिडक्या आणि दुपारचं तिरपं ऊन. काकांचं विमान मधोमध होतं आणि, मी घरचा आहे म्हणून म्हणत नाही, बाकीची विमानं त्याच्याशेजारी रंगवलेली वाटत होती. बाकीची रंगवलेलीच होती म्हणा. काका इस्त्रीच्या शर्टात हात मागे बांधून उभे होते. मागे बांधला की हात थांबतो, हे त्यांना कधीतरी सापडलं असावं.

दंतवैद्य आले. हसतमुख माणूस, दुसऱ्याचं तोंड उघडं ठेवून स्वतः बोलायची सवय.

"पत्रेकाका, तुमचं निजवणं काही जमलं नाही बुवा."

"किती दिवस ठेवलंत?"

"आठवडा सांगितलात, मी महिना ठेवलं. वर कपडा घातला, खोलीला कुलूप लावलं. सुरकुती आहे तिथेच. उलट आता घरची झालीय."

मास्तर म्हणाले, "माझंही तेच. मी तर अंगाई म्हणायचीच बाकी ठेवली."

आजूबाजूचे हसले. वाईट हेतूने नाही. पण हसणारा हेतू सांगून हसत नाही. काकाही हसले. "तुमचा डिंक बरा नसेल," ते म्हणाले.

"तुम्हीच आणून दिला होतात की. एकाच गुंडाळीतलं फॉइल आपलं."

 काका वळले आणि आपल्या विमानाकडे पाहायला लागले. त्यांचा एक बाणा होता: झालेल्या कामाकडे वळून बघत बसायचं नाही, पुढचा पत्रा घ्यायचा. त्यामुळे वर्षभरात त्यांनी ते असं कधी पाहिलंच नव्हतं. शिवाय आमच्या मागच्या खोलीत उजेड म्हणजे ती शेजाऱ्यांची भिंत. इथे ऊन बाजूने येत होतं आणि बाजूच्या उजेडात केसभर काठसुद्धा सावली पाडतो.

ते वाकले. चष्मा कपाळावर केला. मग खिशातून कापसाची काडी काढली. ती त्यांच्या खिशात असतेच, दुसऱ्यांच्या खिशात पेन असतं तशी. तिचा कापूस पिंजून एक तंतू सोडला आणि तो विमानाच्या नाकापासून शेपटीकडे हलकेच ओढत नेला. पत्र्याच्या कामात धार कुठे राहिली हे ते असंच बघत. पुढचा पत्रा मागच्यावर चढलेला असेल, तर या दिशेने तंतू सरळ घसरत जातो. तो थोडा घसरला आणि अडकला. त्यांनी सोडवला. पुढे परत अडकला.

"साडू."

बाबा मागेच होते.

"हा पत्रा कोणी बसवला?"

"कुठला?"

"हा. पुढच्या बाजूलाही वर आणि मागच्या बाजूलाही वर. हा दुरुस्तीचा पत्रा आहे."

छपराचा मधला पत्रा सडला की जुन्या पत्र्यांना न हलवता नवा वरून ठोकतात. तो दोन्हीकडून वर राहतो. घाईच्या कामाची ती खूण. काकांना ती रस्त्यावरून ओळखू येते, इथे तर नाकासमोर होती.

"तूच बसवलास की," बाबा म्हणाले.

"मी मागून पुढे येतो. माझा पुढचा काठ दुसऱ्याखाली असतो. हा वर कसा येईल?"

"असेल चुकून."

"हाही चुकून?" तंतू पुढे सरकला. "आणि हा?"

दंतवैद्य आणि मास्तर एकदम दुसऱ्या टेबलावरच्या जहाजात रस घ्यायला लागले. काकांचा हात आता मागे बांधलेला नव्हता आणि तो थांबतही नव्हता. तंतू हवेत लोंबत हलत होता. ते निम्म्या अंगापर्यंत गेले आणि तिथे थांबले. पंखांकडे गेलेच नाहीत. काडी खिशात ठेवली.

"घरी चल," ते म्हणाले. "इथे नको."

घरी म्हणजे आमच्या घरी. बैठकीत आई, मावशी, मी. काका खुर्चीवर बसले नाहीत. बाबा बसले आणि मग काका बसत नाहीत असं पाहून उभे राहिले.

"किती?"

"अरे, तसं मोजून..."

"केव्हा करायचास?"

"सकाळी. दूध यायच्या आधी."

हे मला नवीन होतं. मला वाटायचं बाबा सकाळी लवकर उठून पाणी भरतात.

"मी गेल्यावर माझा पत्रा काढायचास. स्पिरिटने पुसायचास. तुझा लावायचास. आणि रविवारी मी आलो की माझ्या शेजारी बसून म्हणायचास, वा."

"वा मी कधी म्हटलं नाही."

"म्हणाला असतास तर बरं झालं असतं. निदान थापाड्या तरी दिसला असतास."

बाबा म्हणाले, "तुला बरं वाटावं म्हणून रे. पहिल्यांदा एकच तुकडा होता. म्हटलं, एखाद्या दिवशी होतं असं. मग तू आलास, तो सपाट बघून एवढा खूश झालास... मग पुढचा कसा सोडू?"

"मी तुला बरं वाटायला सांगितलं होतं?"

बाबांनी दाराकडे पाहिलं.

"या दारात सांगितलं होतं. चपला घालताना. काय सांगितलं होतं?"

"तोंडावर सांग म्हणून."

"मग?"

इथे मावशी बोलली. माझी मावशी भांडताना आवाज चढवत नाही, उतरवते; म्हणून तिच्याशी भांडायला घरात कोणी धजत नाही. "भाऊजी, मी वर्षभर डॉक्टर डॉक्टर करत होते. प्रत्येक वेळी हे मला त्या खोलीत न्यायचे आणि पत्रा दाखवायचे. मी पत्रा बघायचे आणि गप्प बसायचे. म्हणायचे, मीच येडी, मलाच उगाच आवाज येतात. तो पत्रा तुमचा होता."

"मला काय माहीत, तो तुला दाखवतो..."

"पहिल्या वेळेला तुम्ही दारात उभे होतात."

बाबा खाली बसले.

मावशी आईकडे वळली. "ताई, तुला माहीत होतं?"

आईने टेबलावरचा कप उचलला, तो रिकामा आहे असं पाहून परत ठेवला. "मला दिसायचं सकाळी. पण मी म्हटलं, खेळणं तर आहे. त्यात एवढं काय."

खेळणं हा शब्द खोलीत पडला तो कोणी उचलला नाही. काकांनी आईकडे पाहिलंसुद्धा नाही. ते बाबांना म्हणाले, "ताईंचं मी धरत नाही. त्यांना आत काय चाललंय ते कळत नव्हतं. तुझं सांग. तू काउंटरवर उभा राहतोस. असे हात रोज तुझ्यासमोर येतात, चिठ्ठी धरलेले. त्यांना तू गोळ्या काढून देतोस. तुला कळलं नाही, हे कसलं थरथरणं आहे?"

मला वाटलं, बाबा म्हणतील, नाही कळलं. साधी पळवाट होती, दार उघडं होतं, आणि आमच्या घरात उघड्या दाराने जायची पद्धत आहे.

"कळलं होतं," बाबा म्हणाले.

"आणि?"

"सांगितलं की ते खरं झालं असतं."

काका दाराकडे वळले. मग म्हणाले, "ते तसंही खरं होतं. फक्त तुझ्या एकट्याकडे होतं." आणि मावशीला म्हणाले, "चल."

दारात चपला घालताना त्यांचा तोल गेला. बाबा पुढे झाले. मावशी मधे आली.

त्यानंतर रविवार आले आणि गेले. मागच्या खोलीत आता कोणी शिंकलं असतं तरी चाललं असतं, पण कोणी गेलं नाही. प्रदर्शन संपल्यावर मंडळवाल्यांनी विमान खोक्यात घालून आणून दिलं. बाबांनी सही केली आणि खोकं उघडलं नाही. आई दोनदा मावशीकडे जाऊन आली. दोन्ही वेळा मावशीने तिला चहा दिला. आमच्याकडे याचा अर्थ लागतो.

मग एके दिवशी मावशीचा मला फोन आला. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मिळाली होती. "तू चल माझ्याबरोबर. डॉक्टर काय बोलतात ते ऐकायला कोणीतरी शुद्धीवर असलेलं पाहिजे. ह्यांना राग येईल नि मला रडू."

"बाबांना सांगू?"

 "सांग. आणि म्हणावं, आत यायचं नाही."

बाबा आमच्या आधी जाऊन बाहेरच्या बाकावर बसले होते. मांडीवर त्यांच्या औषधांच्या दुकानाचं नाव छापलेली पिशवी. काकांनी पाहिलं आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मधे एक बाई मुलाला घेऊन बसली होती. तिने दोघांकडे पाहून जागा देऊ का असं विचारलं. दोघंही एकदम नको म्हणाले. इतक्या वर्षांच्या सहवासात तेवढं एक अजून जुळत होतं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी काकांना बोटं आपटायला लावली, खुर्चीतून उठून चालायला लावलं, कागदावर गोगलगाईच्या शंखासारखी गोल गोल रेघ काढायला सांगितली. रेघ आतून सुरू झाली आणि बाहेर येईपर्यंत करवतीच्या पात्यासारखी झाली. काका ती बघत राहिले.

"हे कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"आत्ताच," काका म्हणाले.

"आत्ताच म्हणजे?"

मावशी म्हणाली, "डॉक्टर, कपबशी वाजायला लागून वर्ष होऊन गेलं."

"बशीचं सोडा. बशी वाजत होती तेव्हा माझा हात चांगला होता. मी तेव्हा पत्रा लावत होतो आणि तो..." काका थांबले.

डॉक्टर वाट बघत होते. "कधी सुरू झालं, किती वेगाने वाढलं, एकाच बाजूला होतं की दोन्ही, हे समजलं तर मला औषध ठरवता येतं. साधारण आठवून सांगा."

काका आठवायला लागले. मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, ते मनातल्या मनात शेपटीपासून पुढे येत होते, आणि कुठला पत्रा धरायचा हेच त्यांना कळत नव्हतं. एरवी कोणीही आपल्या दुखण्याची सुरुवात सांगू शकतं. त्यांच्याकडची सुरुवात कोणीतरी काढून, पुसून, जागेवर दुसरी बसवली होती.

ते मला म्हणाले, "बाहेर बसलाय त्याला बोलाव."

"बाबांना?"

"बाहेर दुसरं कोण बसलंय आपलं?"

बाबा आत आले. खुर्ची होती, बसले नाहीत. पिशवी दोन्ही हातांनी धरली होती.

"सांग यांना," काका म्हणाले. बाबांकडे न बघता, टेबलावरच्या त्या रेघेकडे बघत. "तुला माहीत आहे. मला नाही."

 बाबांनी औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकाला सांगतात तशा आवाजात, सावकाश, सांगितलं. पहिल्यांदा उजव्या इंजिनाच्या टोपणावर. थंडी संपत आली होती तेव्हा. गोलाव्यावर तुकडा चुरगळला. मग बराच काळ काही नाही. उन्हाळ्यात पोटाकडचे दोन. पाऊस सुरू झाल्यावर पातं घसरायला लागलं, प्लास्टिकवर ओरखडे यायचे, ते घासून काढावे लागायचे. उजव्या हाताने चोळताना दाब कमीजास्त व्हायचा. मग काका न कळत डाव्या हाताने चोळायला लागले, तेव्हा काही आठवडे बरं होतं. मग डावाही.

डॉक्टर लिहून घेत होते. मधे एकदा त्यांनी वर पाहिलं. "तुम्ही यांच्याबरोबर काम करता?"

बाबांनी पिशवीचे बंद सारखे केले. मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

"डावा कधी म्हणालात?"

"डावा पंख सुरू केला तेव्हा. प्रदर्शनाच्या आधी दोन अडीच महिने. तो पंख..." बाबा अडखळले. "तो सगळा परत करावा लागला."

काकांनी मान वर केली. "सगळा?"

"सगळा."

डॉक्टर म्हणाले, उपाय आहेत, थरथर बऱ्यापैकी आटोक्यात येते, सुरुवातीलाच आला असतात तर... आणि वाक्य न संपवता त्यांनी कागदावर लिहायला घेतलं. चांगला माणूस होता. पण ते अर्धं वाक्य आम्हा चौघांनाही पूर्ण ऐकू आलं.

काका बाबांकडे बघत होते. प्रदर्शनानंतर पहिल्यांदाच.

"डाव्या पंखाच्या टोकाचा तुकडा," ते म्हणाले. "वाटोळा. तो लावला तेव्हा मला आत कुठेतरी कळलं होतं, की हा बसला. कापूससुद्धा एकदाच फिरवावा लागला."

"तो तुझा आहे," बाबा म्हणाले. "त्याला मी हात लावला नाही."

टोकाच्या तुकड्याला पलीकडे शेजारी नसतो. तो सगळ्यात शेवटी, वरूनच बसतो. मूळचा असो की बदललेला, काठ सारखाच दिसतो. तंतू ओढून तिथे काही कळत नाही. हे त्या खोलीत मला माहीत होतं, तर त्या दोघांना माहीत होतंच.

"खरं सांगतोस," काकांनी विचारलं, "की बरं वाटावं म्हणून?"

"खरं. शप्पथ खरं."

 काकांना बाबांवर विश्वास ठेवायचा होता, हे मी शपथेवर सांगेन. इतकं काहीतरी हवंसं असलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. बाबांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

मग काका डॉक्टरांकडे वळले आणि म्हणाले, "बरं. गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर?"

"चिठ्ठीवर लिहितो. हे औषधवाले आहेत ना, हे सांगतील तुम्हाला," बाबांच्या पिशवीवरचं नाव वाचून डॉक्टर म्हणाले.

"नाही," काका म्हणाले. "तुम्हीच सांगा."